छोट्या क्रूझवर केबिन निवडताना: आधी जागा, मग खिडकी, शेवटी चौरस फूट

अंटार्क्टिकाला निघालेल्या ओळखीच्या लोकांचे मला हल्ली बरेच फोन येतात. ट्रॅव्हल कंपनीने केबिनच्या पाच-सहा श्रेणींचा तक्ता पाठवलेला असतो, पैसे भरायची तारीख जवळ आलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "बाल्कनीवाली घेऊ का?" माझी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे मी आधी केबिनचा नंबर विचारतो. श्रेणीवरून केबिन किती मोठी आणि खिडकी कशी एवढंच कळतं. ती जहाजाच्या कुठल्या भागात आहे, डोक्यावर काय आहे, पायाखाली काय आहे, भिंतीपलीकडे काय चालतं, हे नंबर हातात आल्याशिवाय कळत नाही. शंभर मीटरच्या जहाजावर तुम्हाला झोप लागणार की नाही, ते या गोष्टींवरच ठरतं.

मी बोलतोय ते शंभर-दोनशे प्रवाशांच्या जहाजांबद्दल, साधारण नव्वद ते एकशेदहा मीटर लांबीच्या. साडेतीनशे मीटरच्या क्रूझवर केबिन कुठलीही मिळाली तरी फार बिघडत नाही. लहान जहाजावर मात्र दहा मीटर पुढे-मागे झालं तरी रात्र बदलते. आणि अंटार्क्टिकाला जायचं तर जहाज लहानच घ्यावं. तिथे एका ठिकाणी एका वेळी शंभरपेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि पाचशेहून जास्त प्रवासी घेऊन आलेलं जहाज कुणालाच उतरवत नाही. दोनशेच्या आतलं जहाज असेल तर बर्फावर पाय ठेवायला भरपूर वेळ मिळतो.

आधी हलणं समजून घ्या

अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाज सुटतं, बीगल चॅनलमधून शांतपणे बाहेर पडतं आणि मग ड्रेक पॅसेज लागतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या केप हॉर्नपासून अंटार्क्टिकालगतच्या साउथ शेटलंड बेटांपर्यंत साधारण ८०० किलोमीटरचा समुद्राचा पट्टा. या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला पृथ्वीभर कुठेही जमीन नाही, त्यामुळे लाटा मोकळ्या सुटलेल्या असतात. जाताना दीड ते दोन दिवस आणि येताना तेवढेच, असा हा प्रवास. कधी समुद्र तळ्यासारखा मिळतो, कधी चांगला खवळलेला. केबिन निवडताना खवळलेलाच धरून चला.

जहाज दोन प्रकारे हलतं. पुढचं टोक वर-खाली होतं ते पिचिंग, आणि डाव्या-उजव्या अंगावर कलतं ते रोलिंग. पिचिंगमध्ये जहाज मध्याच्या आसपासच्या, बहुधा मध्यापासून जराशा मागच्या बिंदूभोवती झुलतं. एसटीत मागच्या चाकाच्या मागे बसलेला माणूस जसा उडतो आणि मधल्या बाकावरचा निवांत असतो, तसाच हा हिशोब. आकड्यांत सांगतो. शंभर मीटरचं जहाज चार अंशांनी वर-खाली होत असेल, तर मध्यापासून ४५ मीटर पुढे असलेली केबिन तीन मीटरहून थोडी अधिक वर जाते आणि तेवढीच खाली येते. म्हणजे साधारण दोन मजल्यांची ये-जा, आणि ती मिनिटाला कितीतरी वेळा. मध्यापासून १० मीटरवरच्या केबिनला हाच झोका जेमतेम ७० सेंटिमीटरचा. पोटात कालवतं ते या वर-खाली होण्यानेच.

रोलिंगचा हिशोब उंचीवर आहे. जहाज १५ अंश कललं, तर पाण्याच्या रेषेपासून १५ मीटर उंच असलेली केबिन एका बाजूला जवळजवळ चार मीटर सरकते. चार मीटर उंचीवरची केबिन सरकते एक मीटर. म्हणून वरच्या मजल्यावरचा, समोर मोठी काच असलेला महागडा स्वीट ड्रेकमध्ये सगळ्यात जास्त हलतो, आणि खालच्या डेकवरची मधली साधी केबिन सगळ्यात कमी. ज्यांना बोट लागते त्यांनी ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: खाली आणि मधोमध. भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटी सुटायच्या त्या काळात आमची आजी धावत जाऊन डेकच्या मध्यावर चादर टाकायची आणि पुढच्या टोकाला बसलेल्यांची काळजी करायची. तिला पिचिंग हा शब्द माहीत नव्हता, पण जागा अचूक ठाऊक होती.

स्टॅबिलायझर आहेत म्हणजे प्रश्न मिटला, असं विक्रेते सांगतात. स्टॅबिलायझर म्हणजे जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना असलेले पंख. ते रोलिंग बरंच कमी करतात, पण पिचिंगवर त्यांचा उपयोग नाही. शिवाय पाणी त्यांच्यावरून वेगाने वाहिलं तरच ते काम करतात, त्यामुळे जहाज मंदावलं की त्यांचा जोर ओसरतो, आणि बर्फात तर ते आत ओढून घेतात. काही नव्या जहाजांचं पुढचं टोक आतल्या बाजूला वळवलेलं असतं, त्याला एक्स-बो म्हणतात. २०१९ साली आलेलं 'ग्रेग मॉर्टिमर' हे तसं पहिलं प्रवासी जहाज. लाटेवर आपटण्याऐवजी लाट कापत जायला या आकाराचा फायदा होतो. तरीही केबिन मधोमधच घ्या.

पलंग कोणत्या दिशेला आहे हेही नकाशात पाहा. पलंग जहाजाच्या लांबीला समांतर असेल तर रोलिंगमध्ये माणूस कुशीवरून कुशीवर लोळतो. आडवा असेल तर एकदा डोकं वर, एकदा पाय वर. मला आडवा पलंग सोसत नाही, डोक्यात रक्त उतरल्यासारखं वाटतं. काहींना तोच बरा वाटतो. लांबीला समांतर पलंग मिळाला तर खलाशांची युक्ती वापरा. गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सरकवायचं, म्हणजे गादी भिंतीकडे उतरती होते. गादी आणि भिंत यांच्या खोबणीत पाठ टेकवून झोपलं की जहाज कितीही कललं तरी अंग हलत नाही. सकाळी जॅकेट आठवणीने जागेवर ठेवा.

ट्रेसिंग पेपर घ्या आणि डेक प्लॅन एकावर एक ठेवा

कंपनीच्या वेबसाइटवर डेक प्लॅन असतो. बहुतेक लोक त्यात फक्त आपली केबिन शोधतात. मी सांगतो ते करा: तुमचा डेक, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा, असे तीन नकाशे एकाच मापात छापा. आपल्या केबिनची चौकट ट्रेसिंग पेपरवर उमटवा आणि तो कागद वरच्या-खालच्या नकाशांवर ठेवा. लिफ्ट आणि जिना प्रत्येक डेकवर एकाच जागी येतात, त्यांच्यावरून कागद नीट जुळतो.

आता पाहा. वर लाउंज असेल तर रात्री उशिरापर्यंत पावलं आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज. वर किचन असेल तर पहाटे चारपासून ट्रॉल्या. उघडं डेक असेल तर व्हेल दिसला की पन्नास जण बूट घालून तुमच्या डोक्यावरून धावणार. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. ही केबिनींमध्ये दाबलेली केबिन सगळ्यात शांत.

मग नकाशातल्या कोऱ्या जागा तपासा. प्रवाशांना जिथे प्रवेश नाही तो भाग पांढरा किंवा करडा ठेवलेला असतो. जहाजाच्या मध्यापासून थोडं मागे प्रत्येक डेकवर एक बंद चौकोन दिसतो, तो इंजिन केसिंग. इंजिनाच्या धुराचे पाइप त्यातून थेट धुराड्यापर्यंत जातात. त्या चौकोनाला भिंत लागून असलेली केबिन उबदार राहते आणि तिथे अखंड घरघर असते. बाकी लहान कोरे चौकोन म्हणजे पंख्यांची खोली, लाँड्री, कर्मचाऱ्यांचा जिना. कर्मचाऱ्यांच्या जिन्याचं दार दिवसरात्र उघडमीट होतं. त्याच्या शेजारची केबिन मी कुणालाही घेऊ देणार नाही.

एकसुरी आवाजाची कानाला दुसऱ्या रात्रीपर्यंत सवय होते, तुटक आवाजाची कधीच होत नाही. म्हणून पुढच्या टोकाची हलणारी केबिन आणि मागे इंजिनाजवळची घरघरणारी केबिन यांतली एक घ्यायची वेळ आली, तर इंजिनाजवळची घ्या. अगदी शेवटच्या टोकाला, प्रोपेलरच्या डोक्यावर मात्र जाऊ नका. खवळलेल्या समुद्रात मागचा भाग उचलला गेला की प्रोपेलर पाण्याच्या वर येऊ पाहतो आणि सगळी केबिन थरथरते.

पुढच्या भागातल्या खालच्या केबिनींना आणखी तीन आवाज असतात. नांगर टाकताना-उचलताना साखळीचा गडगडाट होतो. धक्क्याला लागताना बो थ्रस्टर चालतो. हा जहाजाच्या पोटात आडवा बसवलेला पंखा, तो सुरू झाला की भिंतीपलीकडे दगड घोळल्यासारखं वाटतं. आणि अंटार्क्टिकात बर्फाचे तुकडे पत्र्यावर आपटतात. बर्फाचा आवाज काहींना फार आवडतो, पण पहाटे तीनला नव्हे. वरच्या डेकवर, धुराड्याच्या आसपास कुठेतरी आपत्कालीन जनरेटर असतो. तो दर आठवड्याला चालवून पाहावाच लागतो. त्याची खोली प्रवाशांच्या नकाशात दाखवलेली नसते, पण कंपनीला विचारलं तर सांगतात. झोडियाक, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी बोटी, क्रेनने पाण्यात उतरवतात, आणि हे काम नाश्त्याच्या आधी सुरू होतं. क्रेन जिथे आहे त्याच्या खालच्या केबिनला गजराची गरज नाही.

खिडकी आणि बाल्कनी

खालच्या डेकला गोल पोर्टहोल असतात. हवामान बिघडलं की कर्मचारी येऊन त्यांच्यावर आतून लोखंडी झाकण घट्ट बसवतात, त्याला डेडलाइट म्हणतात. म्हणजे ड्रेकमधले दीड-दोन दिवस बाहेरचं काही दिसणार नाही. बंद खोलीत घाबरायला होत असेल तर सगळ्यात खालचा डेक टाळून त्याच्या वरचा घ्या, जिथे चौकोनी खिडकी असते. माझ्या मते बहुतेकांसाठी हीच योग्य जागा: खालून दुसरा डेक, मधोमध, उघडत नसली तरी चालेल पण मोठी खिडकी. उरलेले पैसे वाचवा, किंवा जास्त दिवसांची सफर घ्या.

खिडकीसमोर काय आहे तेही विचारा. लाइफबोट लटकत असेल तर नकाशात तिचा आकार दिसतो आणि श्रेणीच्या नावात 'अडथळा असलेलं दृश्य' असं काहीतरी असतं. खिडकीबाहेर फेरी मारायचा डेक असेल तर लोक सतत समोरून जाणार आणि पडदा ओढून बसावं लागणार. पडदा जाड आहे ना, हेही पाहा. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्र अशी होतच नाही, उजेड राहतो.

बाल्कनीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ड्रेकमध्ये ती बंद ठेवायला सांगतात. पुढे अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाजवळ पोचल्यावर जहाज सारखं वळत असतं. पेंग्विन, हिमनग, व्हेल कुठल्या बाजूला येतील याचा नेम नाही आणि घोषणा झाली की सगळे जण उघड्या डेककडेच जातात. दिवसातून दोनदा तुम्ही किनाऱ्यावर असता. बाल्कनी बहुधा वरच्या डेकलाच असते, म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त हलणं विकत घ्यायचं. एका घरी मात्र मी स्वतः बाल्कनी घ्यायला सांगितली. त्या काकांचे गुडघे पार गेले होते, जिने चढून डेकवर जाणं शक्य नव्हतं. त्यांना लिफ्टजवळची, मधली, बाल्कनीची केबिन मिळाली आणि त्यांनी सगळं अंटार्क्टिका तिथून, शाल पांघरून, मनसोक्त पाहिलं.

आईवडील बरोबर असतील तर

लिफ्ट आहे का, आणि ती कुठल्या डेकपर्यंत जाते, हे आधी विचारा. काही लहान जहाजांवर लिफ्टच नसते, काहींवर ती सगळ्यात वर पोचत नाही. बाथरूमच्या दाराला पाणी अडवणारा उंबरठा असतो, कधी वीतभर उंच. रात्री जहाज हलत असताना तो ओलांडणं वयस्कर माणसाला जड जातं. उंबरठ्याची उंची, आत धरायला कडी आहे का आणि शॉवरमध्ये बसायची सोय होते का, याचे फोटो मागवा. मागितले की पाठवतात. वरचा बर्थ असलेली तीन जणांची केबिन स्वस्त पडते, पण शिडी चढणारा तरुणच हवा. जेवणाचा हॉल आणि मडरूम, म्हणजे बूट-जॅकेट चढवायची खोली, यांच्यामध्ये कुठेतरी केबिन असेल तर दिवसभरातले जिने निम्मे होतात.

एकट्याने जाणाऱ्यांना अनोळखी माणसाबरोबर केबिन वाटून घ्यायचा पर्याय बऱ्याच जहाजांवर असतो. त्याने मोठी रक्कम वाचते. अशा वेळी दोन पलंग वेगळे होतात ना, एवढं खात्रीने विचारून घ्या.

दुसरीकडे जाणार असाल तर

पाणी बदललं की नियम बदलतात. नाईलवर लक्सर ते आस्वान जाताना लाटा नसतात, त्यामुळे 'खाली आणि मधोमध' याला तिथे अर्थ नाही. खालच्या डेकची खिडकी पाण्यालगत येते आणि काठाला लागलात की समोर नुसती दगडी भिंत दिसते. वरचा डेक घ्या, पण अगदी मागे जनरेटरजवळ नको. मात्र लक्सरला बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात आणि तुमच्या खिडकीसमोर दुसऱ्या बोटीची खिडकी येते. तिथे कितीही पैसे भरले तरी याला इलाज नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गन ते किर्केनेस जाणारी जहाजं ३४ बंदरं घेतात, त्यातली कित्येक रात्री. बंदरात माल चढतो-उतरतो, फोर्कलिफ्ट फिरतात. म्हणून मालाचं दार कुठल्या बाजूला आणि कुठल्या डेकवर आहे ते विचारून त्यापासून दूर राहा. उत्तरेकडे जाताना जमीन उजव्या अंगाला असते. एकाच दिशेचा प्रवास असेल तर डोंगर आणि गावं पाहायला त्या बाजूची केबिन मागा.

गालापागोसला जहाजात शंभरच्या वर प्रवासी नसतातच आणि सोळा जणांच्या बोटी पुष्कळ आहेत. एका बेटाहून दुसऱ्या बेटाकडचा प्रवास बहुतेक रात्री होतो, म्हणजे हलणं नेमकं झोपेच्या वेळी. त्यात जून ते नोव्हेंबर समुद्र जास्त खवळलेला. मधली केबिन तिथे अंटार्क्टिकाइतकीच मोलाची, आणि पहाटे नांगर पडताना साखळीचा आवाज होतो म्हणून पुढची केबिन टाळायची.

बुकिंग करताना

ट्रॅव्हल कंपनीकडून श्रेणीची पावती घेऊन थांबू नका, नंबर लेखी घ्या. ग्रुप टूरमध्ये कंपनीने केबिन एकगठ्ठा अडवून ठेवलेल्या असतात आणि वाटप शेवटी होतं. जो आधी नंबर मागतो त्याला चांगली मिळते. 'गॅरंटी' नावाचा स्वस्त प्रकार असतो, त्यात श्रेणी पक्की पण केबिन ते देतील ती. बोट न लागणाऱ्या, गाढ झोपणाऱ्या माणसाने तो खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी नको. 'फुकट अपग्रेड' मिळतंय असं कळलं तर ते कुठे नेताहेत ते पाहिल्याशिवाय हो म्हणू नका, कारण अपग्रेड बहुतेक वेळा वरच्या डेकला किंवा पुढे असतं. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

जहाजावर चढलात की सामान लावायच्या आधी दहा मिनिटं केबिनमध्ये गप्प उभे राहा. पंख्याचा आवाज, पाइपची घरघर, गरम पाणी, दरवाजाची कडी, सगळं पाहा. काही गंभीर असेल तर त्याच संध्याकाळी रिसेप्शनवर सांगा. रिकामी केबिन उरली असेल तर पहिल्या संध्याकाळीच मिळते, बीगल चॅनल ओलांडल्यावर सगळे कामात बुडालेले असतात. कपाटातले रिकामे हँगर काढून गादीखाली ठेवा, नाहीतर रात्रभर टकटक करतील. भिंतीचे पॅनेल कुरकुरत असतील तर जाड कागदाची घडी करून फटीत दाबा. खण कुलपाने किंवा टेपने बंद करा, चष्मा आणि औषधं उशाशी, पण पडणार नाहीत अशी ठेवा, आणि बोट लागण्याची गोळी घेत असाल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, जहाज मोकळ्या समुद्रात जाण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.